शेणकिड्याची पाठ आणि काळ्या मातीतला नांगर

प्रश्न इस्लामपूरकडच्या एका मुलाचा आहे. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : "सर, निसर्गाकडून शिकून माणसाचे प्रश्न सोडवायचे, असा विषय आम्ही प्रोजेक्टला घेतलाय. नेटवर सगळीकडं तीच तीन-चार उदाहरणं सापडतात. गाइड म्हणतात, सांगली जिल्ह्यातलाच प्रश्न घ्या. ग्रुपमध्ये दोन कल्पना आहेत. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला खंड्या पक्ष्याच्या चोचीसारखं नाक बसवायचं, किंवा दुष्काळी जतसाठी वाळवंटातल्या किड्यासारखं हवेतून पाणी काढायचं. कुठली घ्यावी? आणि हे सगळं खरंच कामाला येतं, की प्रेझेंटेशनपुरतंच?"

दोन्ही सोडून दे. का, ते पुढं सांगतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : कामाला येतं. मी पलूस भागात शेतीची अवजारं बनवतो, अठ्ठावीस वर्षं झाली. त्यातली दोन कामं मी थेट निसर्गाकडं बघून केली. एक आधी सपशेल फसलं आणि मग निम्मं जमलं. दुसरं इतकं साधं निघालं की आमच्या वर्कशॉपमधली पोरं ते कुठून आलं हे विसरूनही गेलीत.

फसलेलं आधी सांगतो, कारण शिकायला मिळालं ते त्यातच.

कृष्णाकाठची काळी माती तुला सांगायला नको. वाफसा, म्हणजे मशागतीला बेताची ओल, असेल तर तिच्यासारखी माती नाही, आणि वाफसा चुकला तर तिच्यासारखा वैरी नाही. बारा-पंधरा वर्षांपूर्वी नदीकाठच्या गावातले एक शेतकरी पलटी नांगर घेऊन दारात आले. नांगर माझ्याच हातचा. दहा-पंधरा फूट गेलं की माती फाळावर आणि वरच्या वाकड्या पत्र्यावर थापली जायची. त्या पत्र्याला आम्ही मोल्डबोर्डच म्हणतो. एकदा तो मातीनं भरला की पलटी होत नाही, नांगर नुसता माती ढकलत जातो. मग ट्रॅक्टर थांबवा, खुरप्यानं खरवडा, पुन्हा चालू करा. मी म्हटलं, "तात्या, दोन दिवस थांबा की, वाफसा येऊ दे." ते म्हणाले, "म्या थांबतो रं, पर भाड्याचा ट्रॅक्टर थांबतोय व्हय?"

बरोबर होतं त्यांचं. बैलांच्या काळात शेतकरी वाफशाची वाट बघायचा. आता ट्रॅक्टरवाल्याच्या वहीत ज्या दिवशी नाव, त्या दिवशी नांगरट. म्हणजे प्रश्न मातीचा तर होताच, पण माणसांच्या वेळापत्रकाचाही होता. प्रोजेक्ट करताना हे विसरू नकोस. प्रश्न पुस्तकातून उचलला की ही बाजू दिसतच नाही.

मी आधी सगळे करतात तेच केलं. पत्रा घासून आरशासारखा केला, रंग मारला, जळकं ऑईल लावलं. चार सऱ्या बरं चाललं, पाचवीला पुन्हा तेच. मग एकदा घरी उकिरड्यातलं खत भरताना शेणाच्या गोळ्यातून शेणकिडा बाहेर आला. ओल्या शेणात बुडून वर आलेला, आणि अंगाला कण नाही! लहानपणापासून शेकडो वेळा बघितलेला किडा. त्या दिवशी डोक्यात नांगर होता म्हणून तो वेगळा दिसला.

शोधल्यावर कळलं की चीनमध्ये चांगचुनच्या जिलिन विद्यापीठात रेन लुक्वान आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं नेमकं हेच करत होते. मातीत राहणारे जीव मातीनं माखत का नाहीत, हाच त्यांचा विषय : शेणकिडा, गांडूळ, खवल्या मांजर. शेणकिड्याचं डोकं आणि छातीवरची ढाल, जिनं तो माती ढकलतो, लांबून चकचकीत दिसते. भिंगाखाली ती गुळगुळीत नसते, बारीक उंचसखल असते.

मी काय केलं? फोटो बघितला, आणि मोल्डबोर्डच्या पत्र्याला पंच मारून खळगे पाडले. ओळीनं, छान, दिसायलाही किड्यासारखे. शेतात उतरवला. पहिल्याच सरीत खळग्यांत माती बसली, त्या मातीला पुढची माती चिकटली, आणि साध्या पत्र्यापेक्षा वाईट हाल झाले. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खुरपं माझ्या हातात दिलं.

चूक कुठं झाली, हे कळायला मला माती लोखंडाला का चिकटते, हे मुळातून वाचावं लागलं. ते आधी वाचायला हवं होतं. कोरडी माती चिकटत नाही. अगदी राडा झालेली मातीही तितकी चिकटत नाही, ती घसरते. चिकटते ती मधली, वाफसा यायच्या थोडी आधीची. त्या ओलीत मातीचा बारीक कण आणि लोखंड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तोच दोघांना ओढून धरतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून उचलून बघ, तेच. पोलादावर पाणी छान पसरतं, म्हणून पापुद्रा सलग राहतो. पत्रा जितका गुळगुळीत आणि माती जितकी चिकण, तितका पापुद्रा मोठा. मी आरसा करून आगीत तेलच ओतत होतो.

शेणकिडा तीन गोष्टी एकदम करतो. त्याचं कवच पाण्याला पसरू देत नाही. त्यावरचे उंचवटे मातीला थोड्याच ठिकाणी टेकू देतात, त्यामुळं पापुद्रा तुकड्या-तुकड्यांत राहतो आणि मध्ये हवा शिरते. आणि तो सतत हलत असतो. गांडुळाची तऱ्हा निराळी : ते स्वतःच बुळबुळीत रस सोडतं आणि अंगाला लाटा देतं. मी या सगळ्यातलं फक्त दिसणं उचललं होतं, तेही उलटं. उंचवट्यांच्या जागी खळगे, आणि तेही पाण्याशी मैत्री असलेल्या पोलादात.

दुसऱ्या खेपेला पांढऱ्या जाड प्लॅस्टिकचे उंचवटे केले. कन्व्हेयरच्या घसरणीला अस्तर म्हणून जे भारी घनतेचं पॉलिथिन वापरतात, तेच. पाणी त्याच्यावर पसरत नाही. बटणाएवढे गोल कापून, कडा उतरवून, बोल्टनं पत्र्यावर बसवले. हीही माझी अक्कल नव्हे. थायलंडमधल्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मोल्डबोर्डवर असे पॉलिथिनचे उंचवटे लावून केलेले प्रयोग २००७ मध्ये छापून आले होते. काळ्या मातीत नांगर साफ चालू लागला. पूर्ण नाही, पण खुरपं ट्रॅक्टरवरच राहिलं.

मग तोच नांगर एकानं खानापूरकडच्या मुरमाड रानात नेला. खडे होते. हंगाम संपायच्या आत निम्मी बटणं झिजून सपाट. शेणकिड्याचं कवच झिजलं तर त्याची पुढची पिढी नवं घेऊन येते, माझ्या नांगराला ती सोय नाही. तेव्हापासून बटणांचा मोल्डबोर्ड मी फक्त नदीकाठच्या गिऱ्हाइकाला देतो, बाकीच्यांना पट्ट्यांचा. म्हणजे सलग पत्र्याऐवजी मध्ये फटी सोडलेल्या पोलादी पट्ट्या. गंमत बघ, हा पट्ट्यांचा मोल्डबोर्ड जगात जुनाच आहे आणि त्याचं तत्त्व शेणकिड्याचंच : टेकण्याची जागा कमी करा, सलग पापुद्रा होऊ देऊ नका. तो काढणाऱ्यानं किडा बघितला असेल असं मला वाटत नाही. पण किड्यामुळं मला त्या जुन्या नांगराचं मर्म कळलं.

आमच्या शेजारीच किर्लोस्करवाडी आहे, १९१० ची. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या पहिल्या लोखंडी नांगरांना गिऱ्हाईक मिळेना, लोखंडानं जमिनीत विष उतरतं असं लोक म्हणायचे, ही गोष्ट इथं लहान पोरांनाही माहीत असते. नांगर करणाऱ्यानं मातीकडं आणि माणसाकडं एकदमच बघावं लागतं.

आता जमलेलं. ऊसाच्या ट्रॉलीचा सांगाडा तू बघितला असशील. लोखंडी चॅनेलला चॅनेल काटकोनात जोडलेला, कोपऱ्यात त्रिकोणी गसेट पट्टी. गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर दोन महिने आपटला की चीर पडते. नेहमी एकाच जागी, गसेट जिथं संपतो तिथं. लोक काय करतात, तर आणखी जाड गसेट लावतात. मग चीर गसेट संपतो तिथंच पडते, फक्त जागा चार बोटं पुढं सरकते.

जर्मनीत कार्ल्सरूहेला क्लाउस मॅटहेक नावाचे पदार्थविज्ञानाचे शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आयुष्य झाडं बघण्यात घालवलं, इंजिनिअरच्या नजरेनं. त्यांचं म्हणणं असं की झाड आपल्या पृष्ठभागावरचा ताण जमेल तितका सारखा ठेवत वाढतं. जिथं ताण जास्त, तिथं लाकूड जास्त घालतं, जिथं कमी, तिथं काटकसर. हाडाचंही तसंच, हे तर युलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदानं १८९२ मध्येच सांगितलं होतं. घरापुढच्या लिंबाच्या बुंध्यापाशी बस आणि मूळ जिथं बुंध्याला मिळतं तो बाक नीट बघ. तो वर्तुळाचा तुकडा नसतो. कोपऱ्यात जोरात वळतो आणि वर जाताना हळूहळू सरळ होतो. आपण ड्रॉइंगमध्ये कंपासनं एकच त्रिज्या मारतो, झाड तसं करत नाही.

हा बाक काढायला मॅटहेकनी शाळकरी पोराला जमेल अशी रीत दिली आहे. जोडाच्या कोपऱ्यात ४५ अंशांची तिरपी रेघ मार. तिच्या मध्यापासून पुढं, ज्या भागावर ताण जास्त त्याच्या बाजूला झुकणारी, २२.५ अंशांची दुसरी. तिच्या मध्यापासून ११.२५ ची तिसरी. उरलेले कोपरे हातानं गोल कर. झालं. आम्ही पुठ्ठ्याचा साचा केला, गसेट त्या साच्यानं कापायला लागलो आणि त्याचं टोक वेल्डिंगनं एकदम न संपवता पातळ करत नेलं. पत्र्याची जाडी वाढवली नाही, उलट एक नंबर कमी केली. त्या जागची चीर बंद झाली. संगणक नाही, सॉफ्टवेअर नाही. वर्कशॉपमध्ये त्याला आता 'बाकाचा गसेट' म्हणतात. झाडाचं नाव कुणी काढत नाही, आणि त्यात काही बिघडलेलंही नाही.

एक तपशील सांगून ठेवतो, कारण यातही फसतात. झाडाला जो वारा सोसायचा असतो, त्यानुसार त्याचा बाक असतो. ट्रॉलीचा भार दोन्ही बाजूंनी हिसका देतो. म्हणून झाडाचा बाक जसाच्या तसा मापून नेऊ नकोस. ताण कुठून कुठं जातो ते आधी ठरव, मग त्या जागी ती रीत लाव.

आता तुझा खंड्या. बुलेट ट्रेनची गोष्ट सगळे सांगतात, पण अर्धीच सांगतात. जपानच्या सान्यो मार्गावर बोगदे फार. गाडी वेगानं बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जायची आणि दुसऱ्या तोंडातून तोफेसारखा आवाज यायचा. एइजी नाकात्सु हे तिथले इंजिनिअर, पक्षिनिरीक्षणाचा नाद असलेले. त्यांनी 'चोच छान दिसते, लावू या' असा विचार केला नाही. त्यांनी विचारलं, कमी विरोधातून एकदम जास्त विरोधात कोण शिरतं? खंड्या. हवेतून पाण्यात शिरतो आणि फारसं पाणी उडवत नाही. उघड्यावरून बोगद्यात शिरणं हे काम त्याच जातीचं. तरीही त्यांनी पक्ष्यावर विश्वास ठेवला नाही. वेगवेगळ्या आकाराच्या गोळ्या नळीत झाडून दाबाच्या लाटा मोजल्या, आणि त्यात खंड्याच्या जवळचा आकार वरचढ ठरला. १९९७ मध्ये ५०० मालिकेची गाडी ताशी ३०० किलोमीटरनं धावू लागली.

आता उरलेली अर्धी. ते नाक होतं सुमारे १५ मीटर लांब. टोकाच्या डब्यांत जागा गेली, तिथला एक दरवाजाच गेला. पुढच्या ७०० मालिकेत त्यांनी खंड्या सोडला आणि बदकाच्या चोचीसारखं दिसणारं आखूड नाक घेतलं. मग २००७ ला एन७०० आली. तिचं नाक संगणकावर जेनेटिक अल्गोरिदमनं काढलं. म्हणजे अनेक आकार करायचे, चांगले ठेवायचे, त्यांची सरमिसळ करायची, थोडे बदल करायचे, पुन्हा निवडायचं. पक्षी गेला, पण पक्षी ज्या रीतीनं घडला ती रीत मागं राहिली! मला ही गोष्ट खंड्यापेक्षा मोठी वाटते. आणि आपल्या लोकांना ती नवी नाही. तास-ए-गणेश हे द्राक्षाचं वाण तासगाव तालुक्यात असंच आलं. थॉमसन सीडलेसच्या बागेत वेगळी दिसलेली वेल कुणाच्या तरी नजरेत भरली आणि त्यांनी ती वाढवली. तुझ्या ग्रुपला आकार सुचत नसेल तर दहा आकार करा, मोजा, दोन ठेवा, त्यातून पुन्हा दहा करा.

बाकी ऊसाच्या ट्रॅक्टरचं म्हणशील, तर दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन तो ताशी वीसनं जातो. बुलेट ट्रेनपेक्षा वेग पंधरा पट कमी, म्हणजे तेवढ्याच आकारमानाला हवेचा अडसर सव्वादोनशे पट कमी. त्याची ताकद खाते ती चाकांची घसट, चढ आणि रस्त्यातले खड्डे. चोच बसवून फक्त हॉर्न लावायला जागा मिळेल.

जतचा किडाही असाच. नामिब वाळवंटातला काळा किडा पाठीवर धुकं गोळा करून पाणी पितो, हे २००१ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलं आणि जगभर असल्या प्रोजेक्टांचं पेव फुटलं. पाठीवरचे उंचवटे पाणी धरतात, मधल्या मेणचट खाचा ते तोंडाकडं नेतात, असं ते मांडणं होतं. पुढं बारकाईनं बघणाऱ्यांना दिसलं की पहाटे धुक्यात डोकं खाली करून खरोखर उभा राहणारा किडा वेगळ्याच जातीचा आहे, आणि त्याच्या पाठीवर तसले उंचवटे नाहीत. उंचवट्यांच्या पृष्ठभागावर पाणी जमतं हे खोटं नाही, पण ते किड्याचं गुपित आहे असं म्हणता येत नाही. आणि ते बाजूला ठेवलं तरी किडा पाणी तयार करत नाही, समुद्रावरून आलेलं धुकं वेचतो. जतला धुकं कुठाय? धुकं आहे महाबळेश्वरला, जिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. किडा कुठं राहतो हे विचारल्याशिवाय त्याची युक्ती उचलली की असं होतं.

वाळवीचं उदाहरण मात्र मी तुला घ्यायला सांगेन, कारण त्यात चूक आणि बरोबर दोन्ही एकत्र आहे. झिम्बाब्वेत हरारेला ईस्टगेट नावाची इमारत आहे, १९९६ ची, मिक पिअर्स या वास्तुविशारदाची. एसीशिवाय थंड राहते, कारण वाळवीच्या वारुळासारखी बांधली, असं सांगतात. तेव्हाची समजूत अशी होती की वारुळात गरम हवा मधल्या धुराड्यातून वर जाते, खालून थंड हवा येते आणि आतलं तापमान स्थिर राहतं. पुढं मोजणी झाली तेव्हा निघालं की घरट्याचं तापमान मुख्यतः भोवतीच्या जमिनीमुळं टिकतं. वारुळाचं काम फुप्फुसासारखं आहे : आतली कोंदट हवा घालवणं. २०१५ मध्ये बंगळुरातल्या वारुळांवर मोजणी झाली, आपल्याकडं बांधाबांधावर दिसतात त्याच जातीच्या वाळवीच्या. दिवसा वारुळाच्या बाहेरच्या कंगोऱ्यांतली हवा तापून वर चढते आणि मधून खाली येते. रात्री बाहेरचा भाग निवतो आणि चक्र उलटं फिरतं. दिवस-रात्रीच्या फरकावर चालणारा श्वास.

मग ईस्टगेट चालते कशी? तिथं रात्रीची गार हवा पंख्यांनी काँक्रीटच्या मजल्यांतून फिरवतात, काँक्रीट निवतं, आणि दिवसा ते आतली हवा गार ठेवतं. समजूत चुकीची होती, इमारत चांगली निघाली, कारण इंजिनिअरांनी वारुळावर न विसंबता इमारतीचं गणित स्वतंत्र केलं होतं. नुसता आकार उचलणाऱ्याचं मात्र आयत्या बिळावर नागोबा होतं. बत्तीस शिराळ्याच्या जिल्ह्यात राहतोस, नाग वारुळात राहतो पण वारूळ बांधतो ती वाळवी, हे तुला सांगायला नको.

आता हे बेदाण्याच्या शेडवर लावून बघ. तासगाव, कवठेमहांकाळकडं शेडमध्ये जाळ्यांचे थरावर थर असतात. कडेचा माल आधी वाळतो, मधला मागं राहतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा अवकाळी पाऊस आला की मधलाच बिघडतो. प्रश्न तापमानाचा कमी आणि मध्ये कोंडलेल्या ओलसर हवेचा जास्त. म्हणजे वाळवीचाच प्रश्न. अमेरिकेतल्या गवताळ माळावर खारीच्या कुळातला प्रेअरी डॉग राहतो. त्याच्या बिळाच्या एका तोंडाला उंच कडा असतो, दुसरं सखल. नुसता वारा वाहिला की उंच तोंडातून हवा ओढली जाते आणि सखल तोंडातून आत येते. जीवशास्त्रज्ञ स्टीव्हन व्होगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९७३ मध्ये दाखवलं. विजेशिवाय. शेडच्या मधोमध उंच धुराडं आणि वाऱ्याच्या बाजूला सखल तोंड, एवढं करून मधल्या थरातली आर्द्रता आधी आणि नंतर मोजलीस तरी प्रोजेक्ट उभा राहतो. फक्त एक लक्षात ठेव, शेडवाला ऊन आत येऊ देणार नाही. ऊन लागलं की बेदाणा काळा पडतो आणि भाव हिरव्याला.

बेदाण्यावरून आठवलं. 'अळवावरचं पाणी' आपण क्षणभंगुर गोष्टीला म्हणतो, पण ते पाणी ठरत का नाही हे जर्मनीतल्या बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं : पानावर बारीक उंचवटे आणि त्यांवर मेणाचे स्फटिक. थेंब टोकांवरच टेकतो आणि घरंगळताना धूळ घेऊन जातो. कमळाचं नाव झालं, अळूही त्याच पंगतीतला. १९९९ मध्ये त्यावरून भिंतीचा रंगही बाजारात आला. द्राक्षावरची पांढुरकी लवही मेणाचीच. आपला बागायतदार बेदाणा करताना घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलमध्ये बुडवतो, तो त्या मेणातून पाण्याची वाट मोकळी करायलाच. म्हणून द्राक्ष पंधरवड्यात वाळतं. निसर्गानं पाणी अडवायला केलेली रचना कुठं शिथिल करायची, हेही शिकण्यातच येतं.

एक मात्र करू नकोस : आपल्या पूर्वजांनी सगळं निसर्गाकडूनच घेतलं, असं रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहू नकोस. हरिपूरची हळदीची पेवं जमिनीत खोल, तोंडाशी अरुंद, आतली हवा संपली की कीडही टिकत नाही. ती मुंग्यांच्या कोठारांवरून सुचली असं मी भाषणात ऐकलंय. ऐकायला गोड, आधार काही नाही. मिरजेचा तंबोरा भोपळ्याचा असतो म्हणून तो निसर्गाची नक्कल होत नाही. तो निसर्गाचा वापर झाला. दोन्ही गोष्टी चांगल्या, पण वेगळ्या.

मी तुझ्या जागी असतो तर कुसळ घेतलं असतं. आटपाडी, माणकडच्या माळावर कुसळी गवत आहे, मेंढरांच्या लोकरीतून कातडीत घुसतं म्हणून धनगर ज्याला शिव्या देतात ते. त्याच्या बियांना लांब शेपटी असते. कोरडी असताना पीळ बसतो, ओल लागली की पीळ सुटतो. त्यातले धागे तिरपे गुंडाळलेले असतात, आणि पाणी प्यायल्यावर ते लांबीत न फुगता आडवे फुगतात, म्हणून शेपटी फिरते. टोकाला सुईसारखं बी, त्यावर मागं वळलेले केस. आत जातं, बाहेर येत नाही. रात्रीचं दव आणि दुपारचं ऊन यांच्या जोरावर बी स्वतःच जमिनीत शिरतं. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लायनिंग याओ आणि त्यांच्या गटानं याच जातीची युक्ती दुसऱ्या वनस्पतीत बघितली आणि ओकच्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांपासून तीन शेपट्यांचं बी-वाहक केलं. विमानातून किंवा ड्रोननं टाकायचं, पाऊस आला की ते स्वतःला पेरतं. २०२३ मध्ये ते छापून आलं. त्यांनी तीन शेपट्या केल्या, कारण एका शेपटीचं बी सपाट जमिनीवर आडवं पडून नुसतं गरगरतं. बघ, त्यांनीही जसंच्या तसं उचललं नाही.

इथं दर पावसाळ्यात शाळेची पोरं, तरुण मंडळं बोडक्या डोंगरांवर बिया टाकतात. मुंग्या आणि पाखरं बरंच खातात, उरलेल्या पावसाबरोबर वाहतात. तिथली माती कठीण, मुरमाड. आपल्याकडं ओक नाही, बांबूची पातळ चोय आहे, सागाचं व्हिनिअर आहे. चोय एका बाजूनं तासून, ओली करून, दांडीवर गुंडाळून वाळवायची आणि पीळ किती बसतो, पाणी मारल्यावर किती सुटतो, दहा वेळा ओली-कोरडी केल्यावर किती उरतो, एवढंच वहीत लिहायचं. खर्च बसच्या भाड्याएवढा. आधी कुसळच घे, तळहातावर धर, थुंकी लाव आणि बघ.

आणि नांगराचंच करायचं असेल तर त्यालाही ना नाही. बटणं झिजू नयेत म्हणून काय करावं, हे मला अजून सुटलेलं नाही. ओढ मोजायची रीत अशी : नांगर लावलेला ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवायचा, दुसऱ्या ट्रॅक्टरनं तो ओढायचा आणि दोघांच्या मध्ये लोड सेल, म्हणजे ओढ मोजणारं यंत्र. एकदा नांगर जमिनीत, एकदा वर उचलून, आणि दोन्हींतली वजाबाकी. त्याच रानात, त्याच दिवशी, साधा पत्रा, बटणांचा आणि पट्ट्यांचा. मातीची ओल मात्र दर वेळी मोजायची, भट्टीत वाळवून, अंदाजानं नाही. जूनचा पहिला पाऊस झाला की वाफसा यायच्या दोन दिवस आधी ये, माती तेव्हाच चिकटते. ट्रॅक्टर दोन्ही माझ्याकडचे. लोड सेल कॉलेजातून आण, माझा गेल्या वर्षी पाण्यात गेला.